चौथा सिलिंडर

प्रिय अस्लिद्दीन,

हे पत्र आपल्या गावच्या रहमतुल्लोच्या हाती देते आहे. तो परवा निघतोय, आठवड्याभरात रशियात, त्यूमेनला तुमच्या बांधकामावर पोचेल. पाकिटाचं तोंड मी दोऱ्याने शिवलंय. रहमतुल्लो उघडणार नाही, पण आगगाडीत दहा जणांच्या मध्ये बसून येणाऱ्या माणसाच्या खिशातल्या वस्तूंना पाय फुटतात. हे तू एकट्याने वाच, आणि घाईत वाचू नकोस.

चारचौघांत मी तुला तुम्ही म्हणते. इथे तू म्हणते आहे, कारण तसं तूच मला शिकवलंस. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात झरफशानचं पाणी ओसरलं होतं आणि तू मला आपली पिकअप शिकवायला नदीच्या पात्रात, त्या गोट्यांच्या सपाटीवर नेत होतास. मी स्टिअरिंगवर, तू शेजारी वाळलेली तुती खात. मी धोंड्यावर गाडी घातली तेव्हा म्हणालास, "इथे दोघंच असलो की मला तू म्हण. तुम्ही म्हणायला जातेस आणि ब्रेक दाबायला उशीर होतो." गावातल्या एकाही सुनेला गाडी येत नव्हती. लोक हसले, तेव्हा तू म्हणालास की माझी बायको सुईण आहे, कोणाच्या घरी कधी पोचावं लागेल सांगता येतं का. हे मी विसरलेली नाही. पुढचं लिहिताना ते मला सारखं आठवत होतं, म्हणून आधीच लिहून टाकलं.

आता ऑगस्टपासून सांगते. तुला यातलं काही माहीत आहे, काही नाही.

ऑगस्टमध्ये लस द्यायला जिल्ह्याहून, आयनीच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी नेकबख्तच्या घरी मला जुळी सोडवताना पाहिलं आणि विचारलं की तुझं शिक्षण कुठलं. मी पंजकेंतच्या कॉलेजचं प्रमाणपत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डात सुईणीची जागा दोन वर्षं रिकामी आहे. एक नोव्हेंबरच्या आत कागद घेऊन ये, राहायला मागच्या दोन खोल्या मिळतील. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बटाटे काढायचे होते. पण बटाटे काढताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे शाळा चौथीपर्यंत, आणि मास्तर पहिला हिमकडा कोसळायच्या आधी खाली पळतात ते एप्रिलमध्ये उगवतात. आपली मोहिना नऊची झाली. मागच्या हिवाळ्यात ती तेच एक पुस्तक सहा वेळा वाचून बसली आणि मग तिने वाचायचंच सोडलं.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी तुझा फोन आला. तुला ठाऊक आहे ते फोनवरचं बोलणं कसं असतं. गावात आवाज पोचतो तो फक्त कब्रस्तानाच्या टेकाडावर. फोन तुझ्या बाबांच्या, म्हणजे मोहिनाच्या बोबोंच्या खिशात. टेकाडावर आणखी आठ-दहा जण आपापल्या मुलांच्या फोनची वाट बघत बसलेले. सुनेने तिथे पाच मिनिटं बोलायचं आणि तेवढ्यात सगळ्यांनी ऐकायचं. मी तुला नोकरीचं सांगितलं. मला वाटलं आवाज तुटला. मग म्हणालास, वसंतात मी येतो, मग बघू. तू चार वसंत हेच म्हणतो आहेस. मी म्हटलं, मी आता कागद देऊन येते, तू आलास की मग ठरवू. तू म्हणालास, बाबांना फोन दे. बोबो फोन घेऊन कबरींच्या पलीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी मी निघणार होते. कागद रुमालात बांधले होते, नान भाजून घेतले होते, मोहिनाला नवा फ्रॉक घातला होता. किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता गरगरला. आपली गाडी सुरू होताना चार दम घेते, तो आवाज तुला माहीत आहे. त्या दिवशी दम नव्हताच. नुसती भिरभिर. मी खाली उतरून पुढून हँडल लावलं. एरवी ते हँडल माझ्याने फिरत नाही, दोन्ही पाय रोवून लटकावं लागतं. त्या दिवशी ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं. एका जागी तेवढं जरा अडलं, मग पुन्हा मोकळं.

बोबो दारात उभे होते, हात पाठीमागे. मी विचारलं, काय झालं असेल. आयुष्यभर सामूहिक शेतीच्या गॅरेजमध्ये उस्ताद म्हणून काढलेला माणूस. तो पायरी उतरला नाही. म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलं असणार. इंजिन म्हातारं झालं, पोरी. माझ्यासारखं." आणि आत गेला.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

मग दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या. मास्तरांच्या जीपमध्ये जागा नव्हती. खरं तर होती, पण पुढच्या आठवड्यात म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात मला न कळवता गेले. रहमतुल्लो उद्या म्हणाला. त्या उद्याला मी पहाटे वेशीवर उभी होते आणि त्याचा ट्रक बटाटे घेऊन माझ्यासमोरून गेला. त्याने मान खाली घातली होती. नंतर एकदा पाणवठ्यावर त्याची आई म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा निरोप आहे गं सगळ्यांना, आम्ही काय करणार. तिने हे वाईट वाटूनच सांगितलं. तू कोणाकोणाला फोन केलास, मी विचारलं नाही.

त्या दिवसांबद्दल तुला नीट सांगता येईल असं वाटत नाही. काही घडत नव्हतं. सकाळी मी मिठाचा चहा करत असे, गाईचं बघत असे, आणि मग अंगणात उभी राहून पलीकडच्या डोंगरावर बर्फ कुठपर्यंत उतरलंय ते बघत असे. सोमवारी ते काळ्या कड्याच्या वर होतं. गुरुवारी कड्याच्या खाली. रोज थोडं थोडं. आपल्या गावाला एकच रस्ता, एका बाजूला नदी आणि एका बाजूला कडा, आणि एकदा हिमकडा कोसळला की पाच महिने ना कोणी येत ना जात. दहा हिवाळे मी तिथे काढले, पण कोंडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. रस्ता सगळ्यांचाच बंद होत असे, म्हणून असेल. या वेळी रस्ता उघडा होता आणि फक्त माझा बंद होता. माझं जेवण कमी झालं. मी कोणाशी भांडले नाही, रडलेही नाही. एक दिवस कागदांचा रुमाल सोडला आणि प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी, हिवाळ्याच्या रजयांखाली ठेवून दिलं.

बोबो ते बघत होते. त्यांचंही जेवण कमी झालंय हे माझ्या लक्षात आलं नाही. माणूस स्वतःच्या दुःखात असला की दुसऱ्याच्या ताटाकडे त्याचं लक्ष जात नाही, आणि हे एका सुईणीने लिहावं याची मला लाज वाटते.

बाराव्या का तेराव्या दिवशी आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. मोहिनाने नान मोडता मोडता विचारलं, "बोबो, आपल्याला कोणी कोंडून ठेवलंय का?" ती रागाने विचारत नव्हती. शाळा कधी सुटणार असं विचारावं तसं विचारलं. बोबोंचा पेला तोंडाशी तसाच राहिला. मी तिला गप्प केलं. ते उठले, बाहेर गेले, आणि त्या उंच, सडपातळ पोपलर झाडांच्या रांगेत बराच वेळ फेऱ्या मारत राहिले. परत आले आणि मला म्हणाले, "सूनबाई, प्लग काढ."

मी म्हटलं, कुठला प्लग. ते म्हणाले, "चारही. आणि त्यांना ओळीने ठेव, मिसळू नकोस."

अस्लिद्दीन, पुढचे चार दिवस मी तुझ्या वडिलांकडे शिकले. नीट ऐक, कारण मला वाटतं ते प्रत्येक गोष्ट मला सांगताना तुलाही सांगत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायला लावला आणि मोहिनाला किल्ली फिरवायला बसवलं. निरोगी सिलिंडर असेल तर वारा अंगठा उडवून लावतो, म्हणाले. पहिल्यात काही नाही, नुसती फुंकर. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. चौथ्याने माझा अंगठा असा भिरकावला की मी दचकून मागे सरले आणि मोहिना हसायला लागली. त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं होतं. मग त्यांनी मला फडताळातून त्यांचं दाब मोजायचं जुनं मापयंत्र आणायला सांगितलं, ते जाड लोकरीच्या कापडात गुंडाळलेलं. काटा पहिल्यात दोनवर थांबला, दुसऱ्यात दोनवर, तिसऱ्यात दीडवर. चौथ्यात दहा. मी आकडे दारावर खडूने लिहिले.

एक गोष्ट मला विचित्र वाटली. ते सगळं तोंडाने सांगत होते. पाना कुठला, किती फिरवायचा, कुठे जोर, कुठे नाही. पण स्वतः हात लावत नव्हते. एकदा माझ्या हातून प्लग निसटून खाली चाललेला, तो त्यांच्या पायाशी पडला, तरी त्यांनी उचलला नाही. हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मला वाटलं, बोटं आता थरथरत असतील, म्हाताऱ्याला दाखवायची नसतील.

दुसऱ्या दिवशी तेल. पहिल्या तिन्ही सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एकेक चमचा इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा काटा बघायचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल फटीत बसतं आणि काटा चढतो. चढला नाही. दोन, दोन, दीड. बोबो म्हणाले, "म्हणजे म्हातारपण नव्हे." मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच म्हातारपण म्हटलं होतं. ते डोंगराकडे बघत होते. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं, हेडचं गॅस्केट फुटलं असतं तर आले असते. पाणी शांत होतं.

त्या रात्री मला नीट झोप लागली. इतके दिवस मी रोज एकच भिंत बघत होते. आता निदान उद्या काय करायचं ते ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या प्लगचं पोट फोडून त्यात नळी बसवायला लावली. तीही मीच बसवली, तीन वेळा चुकले. ती नळी टायरच्या पंपाला जोडली. पिस्टन वर आणून ठेवायचा, त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत, आणि मग आत हवा भरायची. हवा जिथून पळेल तिथे दुखणं. मोहिना दोन्ही पायांनी पंपावर उड्या मारत होती. मी कार्बोरेटरला कान लावला. काही नाही. तेल भरायच्या भोकाला कान लावला. काही नाही. मग बोबो म्हणाले, मागे जा. मी चिखलात गुडघे टेकून सायलेन्सरच्या नळकांड्याला कान लावला, आणि आतून स्पष्ट आवाज आला, दात मिटून श्वास सोडावा तसा. दुसरा सिलिंडर, तोच आवाज. तिसरा, तोच. धूर बाहेर जातो त्या बाजूचे व्हॉल्व्ह मिटत नव्हते, तिन्हींचे.

मी कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हटलं, जळले असतील. बोबो गोणपाटावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडे एकाच दिवशी तीन माणसं आली, तिघंही एकाच पायाने लंगडत. तू काय म्हणशील? आजार?"

मी म्हटलं, "नाही. म्हणीन, कोणीतरी मारलंय."

ते म्हणाले, "उद्या वरचं झाकण काढ," आणि उठून घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, माझ्याशी नजर मिळवली नाही. दुपारनंतर बर्फ पोपलरच्या रांगेपर्यंत उतरलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी झाकण काढलं. तू ते हजारदा पाहिलं असशील, मी पहिल्यांदा पाहत होते. आठ पट्ट्या ओळीने, प्रत्येकीच्या टोकाला स्क्रू आणि त्याला आवळून धरणारा नट. सगळं काळ्या तेलाने माखलेलं. फक्त तीन नटांचे कोपरे चमकत होते. नवी जखम असते तसे. पाना बसलेला तिथलं काळं निघून गेलं होतं. बोबोंनी मला पातळ पोलादी पट्टी घालून बघायला सांगितली. स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या मध्ये ती सरकायला हवी. बाकी पाच ठिकाणी सरकली. त्या तिन्ही ठिकाणी केसही गेला नसता. कोणीतरी टॅपेटचे ते स्क्रू दोन-दोन आटे आवळून ठेवले होते. त्यामुळे व्हॉल्व्ह कायमचे किंचित उघडे. इंजिनाला ओरखडाही नाही. परत दोन आटे सैल केले की सगळं पूर्ववत. हे मोडायचं म्हणून केलेलं काम नव्हतं. ज्याने केलं त्याला गाडी आवडत होती.

मी पाना हातात घेऊन वळले. बोबो माझ्या मागेच उभे होते. मला काही विचारावं लागलं नाही.

ते म्हणाले, "त्याने मागितलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं, सूनबाई. मी नाही म्हणू शकलो नाही."

मग म्हणाले, "तीन केले. चौथ्याला हात चालला नाही."

मी विचारलं, मग तुम्हीच का सोडवलं नाही, मला चार दिवस चिखलात का लोळवलं. तेव्हा ते जे म्हणाले ते मी तुला शब्दशः लिहिते, कारण मी ते आयुष्यभर विसरणार नाही. "मी त्याला शब्द दिलाय की तो येईपर्यंत या गाडीला मी हात लावणार नाही. तुझ्या हातांबद्दल तो काही बोलला नव्हता."

मला तेव्हा त्यांचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. अठरा दिवस, अस्लिद्दीन. अठरा दिवस मी त्यांचा चहा केला, त्यांची छाती चोळली, आणि ते मला बघत होते. मी वळले आणि तीन नट सैल केले. त्यांनी मागून सांगितलं, पट्टी ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी नको, कागदातून ओढल्यासारखी लागली पाहिजे. मी तशी लावली. झाकण बसवलं, प्लग बसवले, हँडल धरलं. ते हललं नाही. दोन्ही पाय रोवून लटकले तेव्हा एक धाप आली, मग दुसरी, तिसरी, चौथी. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. मोहिना अंगणभर नाचत होती. मी आत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आणि तिथेच मला कळलं की मी अजून सुटलेली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, छातीत कफ, बर्फ अंगणात येऊन ठेपलेलं, आणि मी त्याला पाच महिने एकटं सोडून जाणार होते. मी म्हटलं, चला आमच्याबरोबर. ते म्हणाले, मी त्या गाडीत बसलो तर माझा शब्द राहिला कुठे. तुम्ही जा, गाय आहे, सरपण आहे. मी इंजिन बंद केलं. आत जाऊन पीठ मळायला घेतलं. किती वेळ मळत होते देवाला ठाऊक, पिठाची कणिक होऊन तिचं चामडं झालं. त्यांना टाकून गेले असते तर तू मला बोलला असतास, गाव बोललं असतं, पण ते मी सोसलं असतं. मला स्वतःला सोसवलं नसतं. आणि राहिले असते तर त्यांनाच सोसवलं नसतं, हेही मला त्या पिठात हात घालून बसल्यावर समजलं. माझ्याइतकेच तेही कोंडले गेले होते, आणि त्यांची भिंत माझ्यापेक्षा जाड होती. माझी तीन नटांची होती. त्यांची मुलाला दिलेल्या शब्दाची.

सकाळी उठले तर ते गाडीजवळ उभे. डोक्यावर टोपी, अंगात चांगला चपन, रजईची गुंडाळी पाठीला बांधलेली. गाय रात्रीच रहमतुल्लोच्या आईकडे बांधून आले होते. म्हणाले, "दार तेवढं तू उघड. बसायचं नाही असं काही मी म्हटलेलं नाही." मी दार उघडलं, ते चढले, मी दार लावलं. आठ तासांच्या त्या वाटेवर त्यांनी दोन्ही हात काखेत घालून ठेवले होते. वळणावर मागचं चाक कड्याच्या बाहेर गेलं तेव्हासुद्धा कशाला धरलं नाही, फक्त मला म्हणाले की घाबरू नकोस, पहिला गिअर. एकोणतीस ऑक्टोबरला आम्ही आयनीत पोचलो. सहा नोव्हेंबरला वर हिमकडा कोसळला.

आता आम्ही दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आहोत. मोहिना शाळेत जाते, तिला एक चष्मेवाली मैत्रीण मिळाली आहे. गावाचं मी हिशेबाने पाहिलंय, या हिवाळ्यात वर कोणी बाळंत व्हायचं नाही. नेकबख्तची जाऊ तेवढी फेब्रुवारीत, तिला रहमतुल्लोने खाली आणून सोडलंय. मी आतापर्यंत अकरा मुलं हातात घेतली. काम खूप आहे आणि मला ते आवडतं.

नवव्या बाळंतिणीचा नवरा तुझ्याच बांधकामावर आहे. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. कळा थांबल्या होत्या, तिचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, नवऱ्याचा फोटो दाखव. तिने फोनवर दाखवला. जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसलेले तुमचे सात-आठ जण, कोणाच्या तरी मुलाचा दुसरा वाढदिवस. ते मूल तुझ्या मांडीवर होतं. तिने मुलाचं नाव सांगितलं, त्याच्या आईचं नाव सांगितलं, ती तिथलीच आहे म्हणाली, चांगली बाई आहे, सगळ्यांना जेवायला घालते. मुलाचं कपाळ आपल्या घरातलं आहे. मी फोन परत दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मग तिच्या कळा सुरू झाल्या आणि बरं झालं सुरू झाल्या. तेव्हा मला समजलं की तुला माझ्या नोकरीची भीती नव्हती. तुला आयनीची भीती होती. इथे त्यूमेनहून माणसं येतात आणि जातात.

यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. तलाकचे तीन शब्द फोनवर पाठवून बायका सोडणारे इथे पुष्कळ आहेत. तुला पाठवायचे असतील तर पाठव, मला धक्का बसणार नाही. पत्र बोबोंसाठी आहे. इथे फोनला टेकाड लागत नाही, खोलीतच वाजतो. दर शुक्रवारी तुझं नाव झळकतं, ते फोन तळहातावर धरून बघत राहतात आणि वाजून थांबेपर्यंत उचलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, मी माझ्या मुलाला फसवलं, कुठल्या तोंडाने बोलू. त्यांना वाटतं की तू बायकोपोरीच्या काळजीने त्यांच्याकडे विश्वासाने काही मागितलंस आणि त्यांनी शब्दांची कसरत करून ते मोडलं. ते रोज थोडे कमी जेवतात. त्यांच्या छातीचा आवाज मला आवडत नाही, आणि कुठला आवाज कुठून येतो ते आता मला कळतं. ज्या शब्दासाठी ते झुरताहेत तो तू त्यांच्याकडून कशासाठी घेतलास, हे मी एका वाक्यात सांगू शकते. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते मूल माझं नाही, पण त्यांचा नातू आहे, आणि तो त्यांना तुझ्याच तोंडून कळला पाहिजे. हे वाचून झाल्यावर येणाऱ्या शुक्रवारी पुन्हा फोन कर. मी तो त्यांच्या कानाला लावीन आणि खोलीबाहेर जाईन. आधी त्यांना शब्दातून मोकळं कर. मग बाकीचं सांग. ते ओरडतील, कदाचित रडतील. मग नक्की विचारतील की पोराचं नाव काय ठेवलंस.

तुझ्या वडिलांची सून,
मावजुदा